धुऱ्यावरची तीन झाडं : सीताफळाच्या प्रकल्प नोंदी

१ जुलै २०२४, सोमवार

शाळा आज उघडली. उन्हापायी विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडतात. यंदा ते आमच्या पथ्यावर पडलं, कारण शाळेमागच्या धुऱ्यावरची (शेताच्या बांधावरची) सीताफळं आत्ता कुठे खरी फुलोऱ्यात आहेत. मे महिन्यातही फुलं होती म्हणे, पण सगळी गळाली.

प्रकल्पाचं मूळ गेल्या दसऱ्यात आहे. तेव्हाच्या सातवीने सव्वीस फळं तोडून तांदळाच्या कोठीत दडवली. नऊ पिकली. बाकीची काळी ठिक्कर पडून सुरकुतली. पुढे आठवडाभर भांडण : झाड खराब, कोठी खराब, कोणाची तरी नजर लागली. मला वाटतं, तोडणारा चुकला. पण वाटून काय उपयोग? यंदाच्या सातवीला सांगितलं, फुलापासून फळ खाईपर्यंत सगळं लिहायचं.

झाडं आबाजींची आहेत. परवानगी मागायला गेलो तेव्हा म्हणाले, "लिहा ना जी. सीताफयाले कोणी पाणी घातलं नाई आजवर, मोजाले काय जाते!" शेळ्या या पानांना तोंड लावत नाहीत, म्हणून ही झाडं बरडावरही (मुरमाड, हलक्या जमिनीवरही) टिकली. नाहीतर धुऱ्यावर बाभूळ सोडून काय उरतं?

झाडांना नावं : क्र. १ विहिरीवालं, क्र. २ मधलं, क्र. ३ बरडावरचं.

४ जुलै, गुरुवार

फूल उघडून पाहिलं. हिरवट पिवळं, खाली मान घालून लटकलेलं. तीन जाड, मांसल पाकळ्या, चिमटीत धरल्या की तुटतात. असं फूल झाडाला आहे हे पोरांच्या लक्षातही आलं नव्हतं. "मॅडम, हे तं कळीच हाये अजून," असं तिघांनी म्हटलं. नाही, हे फूलच.

आत मधोमध एक छोटा शंकू. शंकूच्या वरच्या भागावर दाटीने बसलेले स्त्रीकेसर, खाली गळ्याभोवती पुंकेसरांचा पट्टा. भिंगातून स्त्रीकेसर मोजायला लावले. मोजपट्टीवालीला ६८ आले, तिच्या शेजारणीला त्याच फुलात ७४. दोघीही ठाम. सत्तरच्या आसपास धरू.

आता मुद्द्याची गोष्ट. आंब्याच्या फुलात एकच अंडाशय, म्हणून एक आंबा आणि एक कोय. सीताफळाच्या एका फुलात असे सत्तर. त्यातला जो जो फळतो त्याचा एक डोळा होतो, आत एक पाकळी गर आणि त्यात एक बी. ते सगळे एकमेकांना चिकटून वाढतात आणि आपण त्याला एक फळ म्हणतो. खरं तर तो घोस आहे. वर्गात हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मंग काहींनाच पराग भेटला तं?" उत्तर दिलं नाही. फळावरच दिसेल.

५ जुलै, शुक्रवार

परागाची अडचण आज समजून घेतली. हे फूल आधी मादी असतं, मग नर. पाकळ्यांची टोकं नुकती सुटली की आतली कुक्षी, म्हणजे स्त्रीकेसराचं टोक, ओली, चिकट असते. तेव्हा पराग हवा, पण त्या फुलाचे स्वतःचे पुंकेसर अजून मिटलेले. ते फुटतात तेव्हा कुक्षी सुकायला लागलेली. म्हणजे घरचं धान्य घरी उपयोगाचं नाही, शेजाऱ्याकडून आणावं लागतं. ते आणण्याचं काम गव्हाच्या दाण्याहून लहान, तपकिरी भुंगेरे करतात. मधमाशी या फुलाकडे फिरकताना दिसली नाही.

मे महिन्याची फुलं का गळतात तेही यातच आहे. पंचेचाळीस डिग्रीच्या कोरड्या हवेत कुक्षी वाळून जाते आणि भुंगेरेही नसतात. पाऊस पडून हवेत ओल आली की कुक्षी जास्त वेळ ओली राहते.

संध्याकाळी साडेपाचला उमलायला आलेली तीस फुलं तोडून कागदाच्या लिफाफ्यात घालून घरी आणली. सासूबाईंनी विचारलं, पूजेला का? वास पाहून त्यांनीच लिफाफा बाहेर पडवीत ठेवला.

६ जुलै, शनिवार

सकाळची शाळा, म्हणून सोयीचं. लिफाफ्यात पाकळ्या गळून पडलेल्या आणि तळाशी पिठासारखा पिवळसर पराग. चित्रकलेचा दोन नंबरचा ब्रश घेतला. साडेसहा ते आठ, नुकती टोकं सुटलेली चाळीस फुलं. पाकळी हळूच बाजूला करायची, ब्रश परागात बुडवून शंकूभोवती गोल फिरवायचा. प्रत्येक फुलाला लाल दोरा आणि नंबर. आणखी चाळीस फुलांना पांढरा दोरा बांधला, त्यांना हात लावला नाही. ती भुंगेऱ्यांच्या भरवशावर.

ब्रश आळीपाळीने चौघांनी धरला. वहीवाला पोरगा लिहितही होता आणि मधूनच ब्रशही मागत होता. त्याच्या अक्षरातली नोंद तशीच ठेवते :

"१४ बरोबर. १५ बरोबर. १६ पाकळी तुटली. १७ मुंगी चावली. १८ बरोबर."

साडेआठला पाऊस आला. नंतर लावला असता तर सगळी मेहनत धुऊन गेली असती.

१६ जुलै, मंगळवार

दहा दिवस झाले. लाल दोऱ्याच्या चाळीसपैकी २३ देठांवर हिरवं बटण धरलेलं आहे. पांढऱ्याच्या चाळीसपैकी ४. बाकीची देठासकट गळून खाली मातीत. पोरांना लाल दोऱ्यात जादू आहे असं वाटायला लागलंय. उद्या आषाढी, सुट्टी.

२६ जुलै, शुक्रवार

पाऊस. धुऱ्यावर जाता येत नाही, काळी माती चपलेला किलोभर चिकटते. बटणं ज्वारीच्या दाण्याची बोराएवढी झाली, बस.

५ ऑगस्ट, सोमवार (तिसावा दिवस)

हायस्कूलमधून व्हर्नियर कॅलिपर आणला. जिवंत फळं : लाल १९, पांढरी ३. सरासरी रुंदी २४ मिलिमीटर. गेल्या सोमवारी १८ होती. आता आठवड्याला सहा-सात मिलिमीटरने वाढताहेत, डोळ्याला दिसेल अशी वाढ. खवले एकमेकांना इतके घट्ट की मध्ये नखही जात नाही. रंग गडद हिरवा, वर पांढुरकी भुकटी. ती बोटाने पुसली की परत येत नाही, म्हणून हात लावायला बंदी केली.

चौथीतल्या पोरानेही ओळखावं असा एक फरक दिसतो. बहुतेक लाल दोऱ्याची फळं गोल. पांढऱ्या दोऱ्याच्या तिन्हींत कुठे ना कुठे खळगा. लालमधलं १७ नंबर मात्र चक्क कुबडं : पश्चिमेकडून टम्म, पूर्वेकडून चपटं. मी म्हटलं, त्या बाजूला पराग पोचला नसावा. वहीवाला लगेच, "मॅडम, ब्रश गोल फिरवला होता." बरं.

२० ऑगस्ट, मंगळवार (पंचेचाळिसावा दिवस)

८ नंबरचा बळी दिला. रुंदी ४० मिलिमीटर. सुरीने उभं चिरलं : पांढरा, कडक, चिकट गर, तुरट वासाचा. बिया पांढऱ्या, मऊ, नखाने दाबल्या की आतून पाणी. जीभ लावायला कोणी तयार होईना, मग मीच लावली. कच्च्या भोपळ्यासारखं, वरून तुरटपणा.

वर्गात परत आल्यावर नावावरून वाद. सीतामाईने वनवासात खाल्लं म्हणून सीताफळ, असं एकीच्या आजीने सांगितलेलं. आणि मी सांगून बसले की झाड मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण भागातलं, पोर्तुगिजांच्या काळात इकडे आलं असं बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. वर्ग नाराज. मिरची, टोमॅटो, बटाटा, पेरू तिकडूनच आले हे सांगितल्यावर आणखी नाराज. "मंग आपलं काय होतं मॅडम?" तूर, म्हटलं. आणि वांगं. तेवढ्यावर शांत झाले.

३१ ऑगस्ट, शनिवार

मधल्या झाडावर पिठ्या ढेकूण. खवल्यांच्या खाचांत कापसासारखा पांढरा थर आणि मुंग्यांची रांग. हा ढेकूण गोड चिकटा सोडतो. मुंग्या त्यावर जगतात आणि बदल्यात त्याची राखण करतात. मुंग्यांची वाट अडवली तर निम्मं काम होतं. खोडाला जुन्या धोतराची पट्टी बांधून वर ग्रीस लावलं. कापूस फवारायचं औषध मारू का, असं एकाने घरून विचारून आणलं होतं. पोरं फळं हाताळणार, ते नकोच.

दोन लाल दोऱ्याची फळं काळी, दगडासारखी झाली. ती गळत नाहीत, झाडालाच वाळून लटकतात आणि रोग पुढच्या वर्षाला देतात. तोडून जाळली. उरली लाल १६, पांढरी ३. परवा पोळा, सगळ्यांचं चित्त बैलांच्या झुलीत.

९ सप्टेंबर, सोमवार (पासष्टावा दिवस)

मोजपट्टीवाली रडकुंडीला आली. कॅलिपर बिघडला म्हणते. दोन आठवड्यांत रुंदी ४५ वरून ४७. कुठे आठवड्याला सात, कुठे एक. तिने स्वतःच्या अंगठ्याची जाडी मोजून पाहिली, तीन वेळा तीच आली, तेव्हा कुठे कॅलिपर निर्दोष सुटला.

फळ थांबलेलं दिसतं, पण आत काम चालू आहे. झाडाकडून येणारं अन्न आता बियांत जातं आहे. पेरणीनंतर घरात जसा पैसा दिसत नाही, तसंच.

२० सप्टेंबर, शुक्रवार (शहात्तरावा दिवस)

खात्रीसाठी २६ नंबर चिरलं. बिया तपकिरी, कडक, सुरीचं पातं निसटलं. महिन्याभरापूर्वी नखाने दबणाऱ्या याच बिया. गर अजून पांढरा आणि बेचव.

बियांबद्दल पोरांना ताकीद दिली. फोडायच्या नाहीत, आणि फोडलेला हात डोळ्याला तर मुळीच नाही. बियांची पूड उवांवर लावायची जुनी रीत आहे, आमच्याही घरी होती. ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते. सांगताना मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "माह्या आत्याच्या डोळ्यात गेली होती." पुढे विचारलं नाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार (एकोणनव्वदावा दिवस)

घट बसले आणि फळांनी पुन्हा उचल खाल्ली. सरासरी ५८. बी भरून झालं, आता गराची पाळी. आलेख काढला तर एक पायरी, मग सपाट जागा, मग दुसरी पायरी. वहीवाल्याने शेजारी जिना काढून त्यावर सीताफळ बसवलं. ते आलेखाहून चांगलं समजतं, राहू दिलं.

विहिरीवाल्या झाडाच्या दोन फळांवर खवल्यांमधल्या फटी किंचित फिकट वाटल्या. आबाजींना विचारलं. "डोये मिटलेलेच हायेत अजून. फट पिवयी दिसली पाह्यजे, लोण्यावानी. आन् डोया असा फुगून वेगया दिसला पाह्यजे. मंग तोडाचं."

९ ऑक्टोबर, बुधवार

वांदरांची टोळी पहाटे येऊन गेली. लालमधली ५ आणि पांढरं १ गेलं. खाल्लं असतं तरी एक वेळ चाललं असतं. एक चावा घ्यायचा, कच्चं लागलं की फेकायचं, दुसरं तोडायचं. पोरांनी बिनडोक म्हटलं. मी गेल्या दसऱ्याची सव्वीस फळं आठवून दिली.

गावात घाई का होते हे आज कळलं. वांदरं, रात्रीचे चोर, आणि दारावर कॅरेट घेऊन आलेला व्यापारी. तो झाडं उक्ती घेतो आणि एकाच दिवसात सगळी झोडपून नेतो, कारण दुसऱ्या फेरीचं भाडं त्याला परवडत नाही. कडक फळ वाहतुकीत दबत नाही हेही त्याच्या सोयीचं. त्याला दोष देऊन काय होणार? डोळा उघडलेलं फळ तीन दिवसांत मऊ होतं आणि इथून नागपूरच्या गिऱ्हाइकाच्या हातात जायला त्यातले दोन जातात. शेतकऱ्याने घाई केली तर चव जाते, थांबला तर फळच जातं.

१० ऑक्टोबर, गुरुवार (शहाण्णवावा दिवस) : तुकडी अ

मुद्दाम डोळे मिटलेली तीन फळं तोडली. रुंदी ६२ ते ६५. दोन आबाजींकडच्या तुरीच्या कुटारात (भुशात) ठेवली, एक लगेच चिरलं.

दोन तपासण्या. पहिली आयोडीनची, पुस्तकात बटाट्यावर केलेली तीच. चिरलेल्या गरावर थेंब टाकताच निळा-काळा डाग, बटाट्यासारखाच. म्हणजे गरात पिठूळ (स्टार्च) भरलेलं आहे. दुसरी साखरेची. एका पालकांची संत्र्याची बाग आहे, त्यांच्याकडचं रसातली साखर मोजायचं हातातलं यंत्र, रिफ्रॅक्टोमीटर, मिळालं. गर किसून, कापडातून पिळून काचेवर थेंब : ७ ब्रिक्स, म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण सात ग्रॅम साखर. काचेतून पाहायला रांग लागली.

संत्रावाल्या घरच्या पोराने चांगला प्रश्न विचारला. "आमच्या संत्र्याले तं तोडल्यावर काहीच होत नाई. जेवढं गोड तोडलं तेवढंच राह्यते." बरोबर आहे. संत्र्याच्या गरात साठवलेलं पिठूळ नसतं, साखर झाडावरूनच यावी लागते. तोडलं की दार बंद. आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेलं, संत्र सालीने हिरवं असूनही आत गोड असतं, कारण सालीला केशरी व्हायला थंडी लागते, गोडीला लागत नाही. मृगाचं, म्हणजे पावसाच्या सुरवातीला फुललेलं, थंडीत पिकतं म्हणून रंगाने उजवं. सीताफळ आंबा-केळीच्या गोत्रातलं. शिदोरी बांधून निघतं आणि वाटेत शिजवतं. पण शिदोरी पुरती बांधून व्हायच्या आत तोडलं तर? ते कुटारात कळेल.

१४ ऑक्टोबर, सोमवार

रात्री विजांसह परतीचा पाऊस. विहिरीवाल्यावरचं एक फळ तडकलं. इतके दिवस कोरडं असताना अचानक पाणी मिळालं की आतला गर फुगतो, साल तेवढी ताणत नाही. फटीत मुंग्या आधीच पोचल्या होत्या. दसऱ्याला मात्र कोणी झाडाला हात लावला नाही, ही नोंद झालीच पाहिजे.

१६ ऑक्टोबर, बुधवार : तुकडी अ, सहावा दिवस

कुटारातून काढली. साल काळपट, सुरकुतलेली, देठाजवळ खड्डा. एक बाजू मऊ, दुसरी अजून टणक. फोडलं तर डोळे सुटे होईनात, गर बियांना घट्ट. चव पाणचट. १४ ब्रिक्स. आयोडीनचा डाग फिका झाला, पण गेला नाही. कोठीतलं भांडण इथे मिटायला हरकत नव्हती. पण वर्ग म्हणतो, दुसरी तुकडी झाल्याशिवाय निकाल नाही. माझ्याच शिकवणीने माझी पंचाईत.

आज कोजागिरी, भुलाबाईचा शेवटचा दिवस. खिरापत ओळखायची असते. मोजपट्टीवालीच्या डब्यात काय आहे हे पन्नास बायापोरींना ओळखता आलं नाही : त्याच तुकडीतलं दुसरं, वाळकं सीताफळ. हसून हसून पुरेवाट झाली, पण तिच्या आईने तिला चांगलंच झापलं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार (एकशे आठवा दिवस) : तुकडी ब

डोळे उघडले. सांगून समजत नव्हतं, पाहिल्यावर एका क्षणात समजलं. खवल्यांच्या मधल्या फटी रुंद झाल्या आणि आतून लोण्याच्या रंगाची साल दिसते आहे. प्रत्येक खवला टोकाला चपटून फुगलेला. गडद हिरवा जाऊन पोपटी. रुंदी ७१ ते ७४. लाल दोऱ्याची चार आणि पांढऱ्याचं एक तोडलं, देठाचा तुकडा ठेवून कात्रीने.

एक लगेच चिरलं. आयोडीनला डाग तितकाच काळा. ब्रिक्स १०. काही पोरांचा हिरमोड झाला, डोळे उघडले म्हणजे गोड असणार अशी त्यांची कल्पना. नाही, डोळे उघडले म्हणजे शिदोरी भरली. शिजणं अजून व्हायचंय. दोन लाल आणि पांढरं कुटारात, एक लाल माझ्या घरच्या फ्रिजमध्ये. झाडावर ३१ नंबर मुद्दाम सोडलं, आणि १७ नंबरचे डोळे अजून मिटलेले म्हणून तेही.

निवडणुकीच्या कामाची ट्रेनिंग उद्या. नोंद पोरंच करतील.

२३ ऑक्टोबर, बुधवार (वहीवाल्याने लिहिलेलं)

"सकाळी तिन्ही कडक. दुपारी कडक. आबाजी म्हणाले घडी घडी उकरू नका. संध्याकाळी एकाचा देठ हलला. वास नाही."

२५ ऑक्टोबर, शुक्रवार : तुकडी ब, तिसरा दिवस

शाळेत शिरतानाच वास. कुटाराची टोपली व्हरांड्यात होती.

फळ दोन्ही हातांत धरून किंचित दाबलं आणि ते घोसासारखं उकललं. एकेक डोळा आपला आपण सुटा, पांढराशुभ्र गर, बी ओठांनी ओढली की निघते. सालीलगतचे वाळूसारखे कण दातात येतात, ते सीताफळाचे असतातच. ब्रिक्स २५. तीन दिवसांत १० ची २५. आयोडीनचा थेंब टाकला : पिवळसर तो पिवळसरच, कुठे कुठे पुसट निळी छटा. पिठूळ गेलं, साखर झाली. जीभ आणि आयोडीन दोघांनी एकच सांगितलं.

आतली भानगड अशी : पिकायला लागलं की फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं, आणि तोच वायू त्याला आणखी पिकवतो. श्वासोच्छ्वास वाढतो, फळ कोमट लागतं, पेशींना चिकटवून ठेवणारं द्रव्य विरघळून गर मऊ होतो. कुटारात झाकतो ते ऊब आणि हा वायू अडवायला. आंब्याची आढी लावतात त्यातलंच शास्त्र. कार्बाईडने पिकवण्यावर बंदी आहे, आणि पुरतं भरलेल्या सीताफळाला त्याची गरजही नाही.

फ्रिजमधलं काढलं. साल काळी, आत कडक. वाटलं होतं जास्त टिकेल. उष्ण मुलुखातलं फळ, त्याला बारा-तेरा डिग्रीच्या खालची थंडी सोसत नाही, पेशी बिघडतात. बाहेर ठेवून पाहू. (२८ तारखेची भर : पिकलं नाही. फेकलं.)

झाडावरच्या ३१ नंबरचं फक्त देठ आणि अर्धी साल उरली आहे. वटवाघूळ की बुलबुल, ते पोरांनी ठरवायचंय. खाली पडलेला डोळा उचलून एकाने खाल्लाच. कुटारातल्यापेक्षा गोड होता म्हणे. मोजमाप नाही, नोंदीत घेऊ नका म्हटलं, तरी वहीत आलं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

१७ नंबरचे डोळे उघडले, पण फक्त पश्चिमेच्या बाजूचे. चपट्या बाजूच्या फटी घट्ट. तोडून घरी आणलं. सोमवारपासून दिवाळीची सुट्टी.

आबाजींनी उरलेल्या फांद्यांवरची फळं यंदा तीन फेऱ्यांत तोडली, डोळा पाहून. व्यापाऱ्याला उक्ती दिली नाहीत. नातवाने मोटारसायकलवर कॅरेट बांधून आर्वीच्या बाजारात नेली. भाव बरा मिळाला, पण फेऱ्यांचं पेट्रोल धरलं तर फार फरक नाही, असं नातू म्हणतो. आबाजी म्हणतात, "फय तं काई फेकलं नाई ना!" दोघांचंही लिहून ठेवते.

२९ ऑक्टोबर, मंगळवार, धनत्रयोदशी

सुट्टी असून चौघं घरी आली. निमित्त १७ नंबर, खरं कारण सासूबाईंची बासुंदी. त्यांनी दूध आटवून पूर्ण थंड केलं आणि मगच गर घातला. गरम दुधात घातला तर कडवट होतो, हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही, एकदा दोन लिटर दूध वाया गेल्यावर कळलं होतं.

गर काढताना बिया मोजल्या. परवाच्या दोन लाल फळांत ४९ आणि ५३ निघाल्या होत्या, पांढऱ्या दोऱ्याच्यात २१. आता १७ नंबर. अर्ध्यात कापून दोन ताटल्यांत दोन बाजू ठेवल्या. पश्चिमेच्या बाजूला २७ बिया, गर भरपूर. पूर्वेच्या बाजूला अकरा डोळे मोजता आले, चपटे, पापडासारखे. त्यांच्याखाली एकही बी नाही. बोटाने चाचपून पाहिलं, मग मोजपट्टीवालीने पुन्हा पाहिलं.

वहीवाला बराच वेळ काही बोलला नाही. मग वही मागे उलटत जुलैच्या पानावर गेला आणि "१७ मुंगी चावली" याच्यापुढे लिहिलं, "म्हणून हात काढला. पूर्वेला ब्रश लागला नाही."